सॉ पाल्मेटो की भोपळ्याच्या बियांचं तेल?

डोक्यावरचे केस विरळ करणाऱ्या डीएचटी या हार्मोनला आवर घालायचाय, पण फिनास्टराइड ही केसगळतीवरची गोळी सुरू करायची तयारी नाही, अशांपुढे बहुधा हेच दोन पर्याय उरतात: सॉ पाल्मेटो या बुटक्या पामच्या फळांचा अर्क किंवा भोपळ्याच्या बियांचं तेल. डीएचटी तयार करणाऱ्या ५-अल्फा रिडक्टेज या एन्झाइमला दोन्ही थोडंफार अडवतात असं मानलं जातं. त्या गोळीइतका जोर मात्र दोन्हींत नाही.

नुसते अभ्यास पाहिले तर सॉ पाल्मेटो उजवं वाटतं. २०१२ च्या इटालियन अभ्यासात १०० पुरुषांना दोन वर्षं एकतर रोज ३२० मिलिग्रॅम सॉ पाल्मेटो किंवा १ मिलिग्रॅम फिनास्टराइड दिलं. सुधारणा अनुक्रमे ३८ आणि ६८ टक्क्यांत दिसली. सॉ पाल्मेटोचा गुण मुख्यतः डोक्याच्या माथ्यावर आला. प्लासिबो (औषध नसलेली नकली गोळी) घेणारा गट मात्र नव्हता. भोपळ्याच्या तेलाचा कोरियन अभ्यास (२०१४) ७६ पुरुषांचा, २४ आठवड्यांचा. रोज ४०० मिलिग्रॅमवर केसांची संख्या सरासरी ४० टक्क्यांनी वाढली, प्लासिबोवर १०. पण त्या कॅप्सुलांत इतर वनस्पतींची पूडही होती, त्यामुळे सगळं श्रेय तेलाला देता येत नाही.

तरी माझा कल भोपळ्याकडे, आणि कारण आहे सॉ पाल्मेटोचं लेबल. ३२० मिलिग्रॅमचा आकडा ८५ ते ९५ टक्के फॅटी ॲसिड असलेल्या तेलकट अर्काचा आहे. बाटलीवर ठळक ‘३२०’ आणि मागे बारीक अक्षरांत ‘फळांची पूड’ असेल, तर अर्काचा अंश किरकोळच. शिवाय अर्कात स्वस्त तेलाची भेसळ होते, ती घरी ओळखता येत नाही. दर बाटलीला ही उलटतपासणी करायची, वर रिकाम्या पोटी घेतलं की मळमळ. मला तरी याचा कंटाळा येतो.

भोपळ्याचं तेल खवट होतं, एवढंच सांभाळायचं. नवी बाटली आणली की एक कॅप्सूल टाचणीने फोडून वास घ्यावा: भाजलेल्या किंवा कच्च्या बियांसारखा आला तर ठीक, जुन्या रंगासारखा उग्र आला तर बाटली परत. उजेड आणि उष्णतेपासून दूर ठेवावी.

रक्त पातळ करणारी औषधं चालू असतील किंवा शस्त्रक्रिया ठरली असेल तर सॉ पाल्मेटो डॉक्टरांना विचारल्याशिवाय नकोच. काहीही निवडा, सहा महिन्यांआधी निकाल काढू नका. फोटो त्याच दिव्याखाली, कोरड्या केसांचे, भांग तिथेच पाडून घ्या. केस झपाट्याने जात असतील, तर दोन्ही बाजूला ठेवून त्वचारोगतज्ज्ञांकडे जाणं बरं.