दोन वर्षांच्या फीचा हिशेब

माझ्या धाकट्या मुलीने रत्नागिरी जिल्ह्यातील एका खासगी तंत्र महाविद्यालयाच्या आयटीआय विभागातून रेफ्रिजरेशन आणि एअर कंडिशनिंग मेकॅनिकचा दोन वर्षांचा ट्रेड नुकताच पूर्ण केला. एकाच आवारात पदविका आणि आयटीआय असे दोन्ही विभाग चालतात, व्यवस्थापन एक आहे आणि नियमपुस्तिकाही एकच आहे. अनामत रकमेचा वाद अजून मिटलेला नसल्याने संस्थेचे नाव येथे लिहीत नाही.

प्रवेशपुस्तिकेच्या पहिल्याच पानावर संस्थेचे ध्येय छापलेले आहे. किनारपट्टीवरच्या उद्योगांना लागणारे कुशल मनुष्यबळ घडवावे आणि कोकणातल्या मुलांना कोकणातच पोट भरता यावे, असा त्याचा मथितार्थ. मी मिरकरवाडा बंदरालगतच्या एका बर्फाच्या कारखान्यात बावीस वर्षे हिशेब सांभाळले. कॉम्प्रेसर बंद पडला की मेकॅनिक येईपर्यंत मालकाचा आणि नौकावाल्यांचा जीव कसा टांगणीला लागतो, हे मी जवळून पाहिलेले आहे. त्यामुळे त्या वाक्यावर मी इतरांपेक्षा थोडा जास्तच विश्वास ठेवला, हे कबूल करतो.

आधी जे चांगले आहे ते लिहितो, कारण ते खरोखरच चांगले आहे. कार्यशाळा नावापुरती नाही. पहिल्या वर्षी तांब्याची नळी कापणे, तिचे तोंड फुलवणे आणि ब्रेझिंग करून, म्हणजे तांबे न वितळवता दुसरा धातू वितळवून फटीत भरून, सांधा जोडणे यांवर निदेशकांनी कित्येक आठवडे घालवले. मुलीने जोडलेला पहिला सांधा बाहेरून चकचकीत दिसत होता आणि तो दाखवायला ती उत्साहाने पुढे गेली होती. निदेशकांनी काही न बोलता तो करवतीने उभा चिरला आणि आतली काळी खपली नखाने खरवडून तिच्या तळहातावर ठेवली. तापलेल्या तांब्याचा नळीतल्या हवेशी संयोग होऊन ही खपली धरते आणि पुढे सुटून यंत्रातल्या केसासारख्या बारीक नळीत, केशनलिकेत, अडकते. म्हणून ब्रेझिंग चालू असताना नळीतून नायट्रोजन हळूहळू सोडत राहावा लागतो. घरोघरी एसी बसवत फिरणाऱ्यांपैकी किती जण हा खटाटोप करतात, हे वाचकांनी आपापल्या अनुभवावरून ठरवावे. गॅस भरण्यापूर्वी व्हॅक्यूम पंप लावून नळीतली हवा आणि ओल पूर्ण काढणे, जुन्या यंत्रांतला आर-२२ हा थंडाव्याचा गॅस ओझोनच्या थराला घातक असल्याने तो हवेत न सोडता सिलिंडरमध्ये परत घेणे, नव्या स्प्लिट एसीतला आर-३२ आणि घरगुती फ्रिजमधला आयसोब्युटेन पेट घेऊ शकतात हे ध्यानात ठेवून काम करणे, हे सारे तिला नुसते पाठ नाही, तिच्या हातात बसलेले आहे. याचे श्रेय निःसंशय त्या निदेशकांचे आहे.

अडचण पुढे आहे, आणि ती ध्येयाच्या त्याच वाक्यात आहे. आपल्या किनाऱ्यावर थंडाव्याचे मोठे काम चालते ते बर्फाच्या कारखान्यांत, मासळीच्या शीतगृहांत आणि प्रक्रिया केंद्रांत, आणि तिथे प्रामुख्याने अमोनिया वापरतात. ओलसर अमोनिया तांबे आणि पितळ खातो, म्हणून त्या यंत्रणेत नळ्या पोलादी असतात आणि सांधे वेल्डिंगचे असतात. कॉम्प्रेसर घरच्या फ्रिजसारखा बंद डब्यातला नसून उघडा, बाहेरच्या मोटरवर पट्ट्याने चालणारा असतो. मिठाच्या पाण्याच्या टाकीत गोड्या पाण्याचे डबे बुडवून बर्फाची लादी धरणे, साचलेले तेल काढणे, गळती शोधण्यासाठी गंधकाची वात पेटवून पांढरा धूर कुठे उमटतो ते पाहणे, गॅस सुटलाच तर मुखवटा लावून वाऱ्याच्या उलट दिशेला माणसे काढणे, हे या कामाचे खरे अंग. दोन वर्षांत मुलीने अमोनियाचा एकही कॉम्प्रेसर चालू अवस्थेत पाहिला नाही. अमोनियाचा धडा पुस्तकात आहे, त्यावर परीक्षेत प्रश्नही येतो. पण तांब्याच्या नळीवर घोटवलेला हात बर्फाच्या कारखान्यात जवळजवळ नव्याने शिकवावा लागतो. बंदर महाविद्यालयापासून तासाभराच्या अंतरावर आहे आणि जून-जुलैच्या मासेमारी बंदीत अनेक कारखान्यांची यंत्रे दुरुस्तीसाठी खोललेली असतात. शिकवायला याहून सोयीचा काळ कोणता? पण त्या दोन महिन्यांत संस्थेचे लक्ष परीक्षेवर आणि नव्या प्रवेशांवर असते.

अभ्यासक्रमात वर्षाला दीडशे तासांचे प्रत्यक्ष कामावरचे प्रशिक्षण किंवा गटप्रकल्प सक्तीचा आहे. मुलीच्या तुकडीला एका एसी विक्रेत्याच्या दुकानात पाठवण्यात आले आणि त्या तासांतला बराचसा वेळ खोकी उतरवण्यात आणि ग्राहकाच्या घरी शिडी धरण्यात गेला. प्रमाणपत्रावर मात्र तास पूर्ण भरले.

आता विद्यार्थ्यांसाठीच्या नियमांविषयी. ८० टक्के हजेरीशिवाय आयटीआयच्या अंतिम परीक्षेला बसता येत नाही, हा नियम संस्थेचा नाही, वरून आलेला आहे, आणि हाताचे काम शिकवणाऱ्या ठिकाणी तो योग्यच आहे. पदविकेच्या मुलांना तंत्र शिक्षण मंडळाची ७५ टक्क्यांची अट आहे. संस्थेने त्यात स्वतःची भर घातली ती अशी, की सव्वाआठनंतर फाटकातून आत येणाऱ्याची अर्ध्या दिवसाची गैरहजेरी लागते. शहरात भाड्याने राहणाऱ्या मुलाला हा नियम शिस्त लावतो. पण खाडीपलीकडून पहिल्या फेरीबोटीने आणि मग एसटीने येणाऱ्या मुलाला तो फक्त दंड करतो, कारण त्याआधीची बोटच नाही. आमच्या मुलीची हजेरी पहिल्या वर्षी त्यामुळे ८१ टक्क्यांवर येऊन ठेपली होती. मी प्राचार्यांना भेटलो तेव्हा त्यांनी शांतपणे ऐकून घेतले, एसटीच्या पासची छायाप्रत मागितली आणि अशा मुलांसाठी वेळ साडेआठ केली. तीन ओळींची सूचना फलकावर लागायला मात्र चार महिने गेले. ऑगस्टमध्ये मासेमारी सुरू होते आणि नवे सत्रही त्याच सुमारास सुरू होते; त्या आठवड्यांत वडिलांसोबत नौकेवर जाणाऱ्या मुलांची हजेरी दरवर्षी घसरते, त्यावर अजून काही तोडगा निघालेला नाही. गणपतीच्या सुट्टीचे म्हणाल तर ती कोकणात मागावी लागत नाही.

रॅगिंगच्या बाबतीत तक्रारीला जागा नाही. महाराष्ट्रात १९९९ पासून त्यासाठी स्वतंत्र कायदा आहे, दोन वर्षांपर्यंत कैद आणि दहा हजारांपर्यंत दंड अशी त्यातली शिक्षा प्रवेशाच्या दिवशीच वाचून दाखवतात. मुलींच्या तक्रारींसाठी समिती आहे आणि तिच्यावरच्या बाई खरोखर फोन उचलतात. तुकडीत मुली तीनच होत्या. तरी कार्यशाळेच्या बाजूला त्यांच्यासाठी स्वच्छ, कडी लागणारे स्वच्छतागृह होते. ज्यांच्या मुली अशा ट्रेडला जातात, त्यांना याची किंमत वेगळी सांगायला नको.

फाटकावरच्या फलकाविषयी मात्र स्पष्ट लिहिले पाहिजे. त्यावर '१०० टक्के रोजगार' असे मोठ्या अक्षरांत आहे. त्यात चाकण आणि रांजणगावच्या कारखान्यांत एका वर्षासाठी शिकाऊ उमेदवार म्हणून गेलेली मुलेही मोजलेली आहेत. १९६१ च्या शिकाऊ उमेदवारी कायद्यानुसार शिकाऊ उमेदवार हा प्रशिक्षणार्थी असतो, कामगार नव्हे. त्याला मिळते ते विद्यावेतन, आणि वर्ष संपल्यावर त्याला ठेवून घेण्याचे बंधन मालकावर आपोआप येत नाही. ही संधी वाईट नाही, उलट आयटीआय झालेल्या मुलाने ती जरूर घ्यावी. पण तिला नोकरी म्हणणे बरोबर नाही, आणि कोकणातला रोजगार म्हणणे तर मुळीच नाही. मुलीच्या तुकडीतल्या मुलाखतींना जिल्ह्यातला एकही बर्फवाला किंवा शीतगृहवाला बोलावलेला नव्हता. मी कार्यालयात विचारले तेव्हा, 'ते लोक पत्राला उत्तर देत नाहीत,' असे सांगण्यात आले. ते खरे असेल. पण ते लोक पत्राने नव्हे, बंदरावर जाऊन भेटतात.

राहिला कागदपत्रांचा आणि पैशांचा भाग. प्रवेशाच्या वेळी दहावीची मूळ गुणपत्रिका कार्यालयाने ठेवून घेतली आणि ती परत मिळायला सात महिने लागले. मूळ कागदपत्रे पडताळून लगेच परत करावीत, असे तंत्रशिक्षण परिषदेने मान्यताप्राप्त महाविद्यालयांना बजावलेले आहे. त्याच आवारातल्या पदविका विभागात ते पाळतात, आयटीआयच्या खिडकीवर पाळत नाहीत. प्रवेश घेणाऱ्यांनी साक्षांकित प्रती द्याव्यात आणि मूळ कागद हातातून सोडू नये.

मुलगी सध्या मी ज्या कारखान्यात होतो तिथेच, जुन्या मिस्त्रींच्या हाताखाली अमोनियाचे काम शिकते आहे. ही जागा तिला महाविद्यालयाने नव्हे, माझ्या ओळखीने मिळाली. पहिल्या आठवड्यात मिस्त्रींनी तिच्या ब्रेझिंगचे कौतुक केले आणि 'हे इथे उपयोगाचे नाही हो' असे म्हणत वेल्डिंगचा चष्मा तिच्या हातात दिला. पाच हजार रुपयांची अनामत निकालानंतर तीस दिवसांत परत मिळेल, असे नियमपुस्तिकेत लिहिले आहे. निकालाला आता चार महिने होत आले आहेत. दुसरा अर्ज मी सोमवारी दिला आणि आवक-जावक शिक्क्याची प्रत जपून ठेवली आहे.