फ्रेम की गिअर? दोन रोड बाईक, नऊ महिने आणि मुंबईचा एक पावसाळा

एप्रिल ते डिसेंबर दोन सायकली आलटून-पालटून चालवल्या. प्रत्येकीवर सुमारे २,६०० किलोमीटर. दोन्ही लाखाच्या आतबाहेरच्या, माप दोन्हींचं ५४, फक्त पैसा वेगवेगळ्या जागी गेलेला.

पहिलीत तो फ्रेममध्ये गेला आहे. बटेड ॲल्युमिनियमच्या नळ्या, म्हणजे मधे पातळ आणि जोडांपाशी जाड. कार्बन फोर्क (पुढचं चाक धरणारा चिमटा), खाली रुंद होत जाणारी हेडट्यूब (हँडलखालची उभी नळी), चाकं धरणारे १२ मिलिमीटरचे आरपार दांडे म्हणजे थ्रू-ॲक्सल, चुडीचा बॉटम ब्रॅकेट (पॅडलच्या दांड्याचं बेअरिंग), ३५ मिलिमीटरपर्यंतच्या टायरला जागा. गिअर मात्र शिमानो कंपनीचा स्वस्तातला संच, क्लारिस, मागे ८ चकत्या. ब्रेक केबलवर चालणारे डिस्क.

दुसरी उलट. साधी ॲल्युमिनियम फ्रेम, ॲल्युमिनियमचाच फोर्क, सरळ हेडट्यूब, चाकांना बारीक दांड्याचं क्विक रिलीज, रिमच्या कडेला दाबणारे रिम ब्रेक, २५ च्या वर टायर बसत नाही. गिअर शिमानोचाच, पण क्लारिसच्या दोन पायऱ्या वरचा टियाग्रा ४७००, मागे १०.

पहिले दोन-तीन आठवडे कोणालाही विचारा, दुसरीच आवडेल. गिअर लोण्यासारखे पडतात, लिव्हर हलका, पुढच्या दोन चकत्यांमधली अदलाबदल बिनआवाज. खरा फरक मात्र दात मोजल्यावर कळतो. दोन्हींवर पुढे ५०/३४ आणि मागे ११ ते ३२ दात आहेत. पण ८ स्पीडच्या कॅसेटमध्ये (मागच्या चकत्यांच्या गठ्ठ्यात) १५ नंतर १८ आणि मग थेट २१. १० स्पीडमध्ये १६, १८, २०, २२. पॅडल मिनिटाला ९० फेऱ्यांनी फिरवलं तर ५० बाय १८ ला ताशी ३२ किलोमीटर पडतात, ५० बाय २१ ला २७ आणि ५० बाय २० ला जवळजवळ २९. पूर्व द्रुतगती मार्गावर सकाळी सहाच्या आत सपाटीला चालवणाऱ्यांचा वेग नेमका याच पट्ट्यात असतो. पाम बीच रोडवर समोरून वारा लागला की ८ स्पीडवर एक गिअर जड वाटतो आणि दुसऱ्यात पाय मोकळे फिरतात. घोळक्यात पुढच्याच्या चाकामागे चिकटून चालवणाऱ्याला हे दर दोन मिनिटांनी टोचतं, एकट्याने चालवणाऱ्याला महिन्याभरात सवय होते.

घाटात तर फरक उरतच नाही. खोपोलीहून खंडाळ्याला चढताना दोन्हींचा शेवटचा गिअर तोच, ३४ बाय ३२. मिनिटाला ६० फेऱ्या, ताशी ८ किलोमीटर. पहिली १०.६ किलो, दुसरी ९.९. हे ७०० ग्रॅम चर्चेत फार मोठे होतात, पण ७० किलोचा माणूस धरला तर एकूण वजनात एक टक्काही नाहीत. पाण्याची एक भरलेली बाटली त्याहून जड असते.

चांगली फ्रेम म्हणजे हलकी फ्रेम, हा समज इथे सोडून द्यावा. मुंबईत चांगली फ्रेम ती, जी तुमच्या अंगाला बसते आणि जिच्यात रुंद टायर, चांगले ब्रेक आणि बाजारात सहज मिळणारे सुटे भाग बसतात.

आधी टायरचं. सगळीकडे सिमेंटचे रस्ते झालेत. ते वरून गुळगुळीत दिसतात, पण दोन स्लॅबमधला सांधा दर काही मीटरला मनगटात ठोका देतो, आणि मधेमधे पेव्हर ब्लॉकचे पट्टे, गटाराची खाली बसलेली झाकणं, मेट्रोच्या कामाशेजारचे लोखंडी पत्रे. दुसरीच्या २५ च्या टायरमध्ये ९५ पीएसआय हवा ठेवावी लागते. कमी केली की सांध्यावर ट्यूब रिममध्ये चिमटते आणि सापाच्या चाव्यासारखी शेजारी-शेजारी दोन भोकं पडतात. पहिलीत ३२ चे टायर, ६० पीएसआय. तोच रस्ता, पण तासाभराने हात बधिर होत नाहीत. लोक याचं श्रेय कार्बन फोर्कला देतात. थोडं त्याचं असेलही, पण पहिलीला २५ चे टायर लावून पाहिले तेव्हा बराचसा मऊपणा गेला. काम हवेचं होतं. ती हवा मावण्याची जागा मात्र फ्रेमनेच द्यावी लागते, ती नंतर विकत मिळत नाही.

मग माप. दोन्हींवर ५४ लिहिलंय म्हणून त्या सारख्या नाहीत. पहिलीचा स्टॅक दुसरीपेक्षा २५ मिलिमीटर जास्त, म्हणजे हँडल तितकं वर. दुसरीवर ते भरून काढायला हँडल धरणारा १०० मिलिमीटरचा, ७ अंशांचा स्टेम उलटा बसवला. त्याने सुमारे २४ मिलिमीटर मिळतात. जमलं, पण तो उपाय एकदाच करता येतो. त्याहून जास्त उंची हवी असेल तर फ्रेमच चुकली आहे असं समजा. स्टॅक (हँडलची उंची) आणि रीच (हँडल किती पुढे) हे दोन आकडे कंपनीच्या तक्त्यात असतात. दुकानदार फक्त उंची विचारून माप सांगत असेल तर तक्ता स्वतः उघडावा.

जून आला आणि गंमत संपली. सांताक्रूझला एकट्या जुलैत सरासरी ८०० मिलिमीटरहून जास्त पाऊस पडतो. अशा पाण्यात रिम ब्रेक पहिल्या एक-दोन फेऱ्या फक्त पाणी पुसतात, मग धरतात. सिग्नलला रिक्षा आडवी आली की त्या दोन फेऱ्या फार लांब असतात. शिवाय सिमेंटची बारीक कच रबरात रुतते आणि रिम खरवडते. काळा लगदा दिसतो तो नुसता रबराचा नाही, त्यात रिमचं ॲल्युमिनियमही असतं. मूळचे एकसंध, कडक ब्रेक पॅड काढून कार्ट्रिजवाले मऊ पॅड लावले तेव्हा फरक पडला. दर दोन राइडनंतर पॅडमधली कच टाचणीने काढायची आणि रिम ओल्या फडक्याने पुसायची. रिमच्या कडेवर झिजेची बारीक खाच असते. ती दिसेनाशी झाली की चाक बाद.

केबलवरचे डिस्कही अगदी निर्दोष नाहीत. एकाच बाजूचा पॅड हलतो असा कॅलिपर (डिस्क पकडणारा चिमटा) असेल तर आतला स्थिर पॅड झिजेल तसा ॲलन कीने थोडा थोडा पुढे घ्यावा लागतो. ते कोणी सांगत नाही, आणि मग लिव्हर हँडलला टेकायला लागतो. पावसाळ्यात दर दोन आठवड्यांनी हे केलं. ब्रेकची बाहेरची केबल न दबणाऱ्या प्रकारची बसवली, तेव्हा लिव्हरचा लिबलिबीतपणा गेला. कमी खर्चात सगळ्यात जास्त फायदा याच कामाने दिला. पॅड अर्धा मिलिमीटर उरला की बदलायचा. रोटर, म्हणजे ब्रेकची चकती, नवा १.८ मिलिमीटरचा असतो, १.५ ला काढून टाकायचा. हातातलं चेनचं तेल रोटरला लागू देऊ नका. पॅड एकदा तेल प्याला की घासून फारसा सुधारत नाही.

गिअरच्या झिजेचा हिशेब इथे खरा रंग दाखवतो. समुद्राची खारी हवा, सिमेंटची धूळ आणि पाऊस या तिघांपुढे क्लारिस आणि टियाग्रा सारखेच. ८ स्पीडची चेन २,३०० किलोमीटरला ताणली जाऊन मापावरच्या ०.७५ च्या खुणेवर आली, १० स्पीडची २,१०० ला. म्हणजे महागड्या संचाची चेन जास्त टिकली असं नाही. किंमत मात्र चेन-कॅसेट मिळून दीडपट ते दुप्पट. ८ स्पीडचा माल उपनगरातल्या बऱ्याच दुकानांत हातात मिळतो, १० स्पीडची हवी ती कॅसेट मागवावी लागते. चेन मोजायचं माप एकदाच घ्या. खूण उलटून गेल्यावरही तीच चेन रेटली तर ती कॅसेटचे दात स्वतःच्या मापाने घासून घेते, आणि मग नवी चेन त्यावर उडते.

तेलाबद्दल एक चूक सर्रास होते. पावसाळ्यातलं जाड तेल दिवाळीनंतरही तेच चालू ठेवतात. त्यात सिमेंटची धूळ मिसळली की पॉलिश पेपरचा लगदाच तयार होतो. नोव्हेंबर ते मे कोरडं किंवा मेणाचं तेल, जूनपासून जाड. वरळी सीफेस किंवा कार्टर रोडला भरतीचे तुषार अंगावर घेऊन आलात तर त्याच दिवशी साध्या पाण्याने सायकल धुवा, पण गाड्या धुतात त्या प्रेशरच्या पाइपने नाही. ते पाणी बेअरिंगमध्ये घुसतं. पश्चिमेच्या गॅलरीत उभी असलेली सायकल न चालवताही गंजते, हे वेगळं.

शिफ्टरच्या (गिअर बदलायच्या लिव्हरच्या) आतल्या गिअर केबलकडेही लक्ष असू द्या. हँडलच्या पट्टीखालून केबल नेणाऱ्या शिफ्टरमध्ये ती फार तीव्र वळण घेते आणि टोकापाशी एकेक तार तुटत जाते. गिअर छोट्या दातांकडे यायला आळस करू लागला की ट्यूनिंगच्या मागे न लागता आधी केबल उघडून बघा. आत तुटून तुकडा अडकला तर शिफ्टर खोलण्याची वेळ येते.

आता ‘टियाग्रा’ या शब्दाबद्दल. दुसरीवर टियाग्राचे फक्त शिफ्टर आणि चेन सरकवणारे दोन डिरेलर होते. क्रँक (पॅडलचा दांडा) दुसऱ्याच कुणाचा, चौकोनी दांड्याचा, ब्रेक कॅलिपर बिननावाचे, चेन स्वस्त, चाकं दोन किलोच्या वर. जाहिरात मागच्या डिरेलरच्या नावाने होते, कारण फोटोत तो दिसतो. बचत बॉटम ब्रॅकेट, हब (चाकाचा मधला भाग) आणि ब्रेकमध्ये केलेली असते. चौकोनी बॉटम ब्रॅकेट ऑगस्टअखेर कुरकुरायला लागला आणि बदलावा लागला. तो काढताना लक्षात ठेवा, चेनकडच्या बाजूची चुडी उलटी असते. मिस्त्रीने सरळ समजून जोर लावला तर फ्रेमची चुडी जाते.

पहिलीचं नंतर काय करता येईल? फ्रेम चांगली म्हणून वाटेल ते बसेल असं नाही, अडतं हबपाशी. ८-९-१० स्पीडच्या जुन्या फ्रीहबवर (मागच्या हबचा कॅसेट बसते तो भाग) रोडची ११ स्पीड कॅसेट सहसा बसत नाही, जागा १.८५ मिलिमीटर कमी पडते. ११ स्पीडचा फ्रीहब असेल तर ८ स्पीडची कॅसेट १.८५ ची वायसर टाकून चालते, आणि पुढे शिमानोच्या ‘१०५’ या वरच्या संचाची १२ स्पीड कॅसेटही त्याच फ्रीहबवर जाते. म्हणून घेतानाच विचारावं, फ्रीहब कोणता. आणखी एक गोची: क्लारिस, सोरा, टियाग्रा या संचांच्या जागी शिमानोने आता क्यूज आणलंय. त्याच्या कॅसेटच्या चकत्यांमधलं अंतर वेगळं, त्यामुळे जुना शिफ्टर आणि नवी कॅसेट अशी खिचडी करता येत नाही.

‘आत्ता क्लारिस घेऊ, पुढे सगळं बदलू’ हा बेत मात्र महागात पडतो. शिफ्टर, दोन डिरेलर, कॅसेट, चेन, केबल आणि मजुरी वेगवेगळी घेतली तर सुरुवातीला वाचवलेल्यापेक्षा जास्त जातात. पूर्ण हायड्रॉलिक (केबलऐवजी तेलाच्या दाबावर चालणारे) ब्रेक हवे असतील तर शिफ्टरही बदलावे लागतात, म्हणजे अर्धी सायकल. जे हवंच आहे ते पहिल्या दिवशी घ्या, नाहीतर आहे ते झिजेपर्यंत वापरा.

पहिलीच्याही तक्रारी आहेत. फ्रेमच्या आतून जाणाऱ्या केबल खड्ड्यात खडखडतात, आणि बदलायला मिस्त्री अर्ध्या तासाच्या कामाला दोन तास लावतो. हँडल फिरवणारा खालचा हेडसेट बेअरिंग पुढच्या चाकाचं पाणी खातो. सप्टेंबरमध्ये काढला तेव्हा ग्रीसच्या जागी तपकिरी पाणी होतं. बेअरिंगच्या कडेवरचे अंक लिहून ठेवा, त्यावरूनच नवा मिळतो. सीटपोस्ट दर दोन महिन्यांनी काढून ग्रीस लावायचं आणि फ्रेम उलटी करून आतलं पाणी ओतायचं, नाहीतर पोस्ट फ्रेममध्ये जाम होतो.

तरी आमचा कौल पहिलीला. नऊ महिन्यांत दोन्हींवर जे झिजलं ते सगळं बदलता येण्यासारखं होतं, आणि पहिलीवर ते स्वस्तात बदललं. अपवाद दोन. रोज वेगवान घोळक्यात चालवणार असाल तर १० किंवा त्याहून जास्त स्पीड घ्याच. आणि ‘चांगल्या’ फ्रेमचं तुमचं माप दुकानात नसेल, तर बसणारी साधी फ्रेम घ्या.

हातात दहा हजार उरले तर आधी टायर, मग ब्रेकचे पॅड आणि केबल, आणि उरलेच तर चाकांचे हब खोलून घ्या. शिमानोच्या कप-कोन हबमध्ये पुढे २० छर्रे, मागे १८. नवे छर्रे आणि ग्रीस शेकड्यांतच होतं, आणि पावसाळ्यानंतर चाकाचा आऊट (वाकडेपणा) काढायला देणारच आहात तेव्हाच ते सांगून टाका. डिरेलर बदलायचा विचार सगळ्यात शेवटी.

दुकानात पैसे देण्याआधी सायकल उलटी करून बॉटम ब्रॅकेट चुडीचा आहे की दाबून बसवलेला ते बघा, मागच्या टायर आणि फ्रेममध्ये दोन्हीकडे किती बोट जागा आहे ते बघा, आणि क्रँक, कॅलिपर, चेन, हब यांवरची नावं एकेक वाचा. दुकानदार कंटाळला तर कंटाळू द्या.