दिवसातून दोनदा कॅप्सूल की सहा महिन्यांनी सलाईन? एमएसच्या दोन उपचारांची तुलना

मल्टिपल स्क्लेरॉसिस (एमएस) या मेंदू, मज्जारज्जू आणि डोळ्यांच्या नसांवरचे आवरण झिजवणाऱ्या आजाराचे निदान पक्के झाले, पहिल्या झटक्यासाठी दिलेली स्टेरॉइड संपली आणि आता दीर्घकालीन औषध ठरवायचे अशी वेळ आली, की आपल्याकडच्या अनेक रुग्णांसमोर डायमिथाइल फ्युमरेटच्या कॅप्सूल आणि रिटुक्सिमॅबचे इन्फ्युजन (सलाईनमधून शिरेत दिले जाणारे औषध) असे दोन पर्याय येतात. मी आधी कॅप्सूल घेतल्या आणि आता इन्फ्युजन घेतो. पुढील मजकूर रिलॅप्सिंग-रेमिटिंग, म्हणजे झटके येऊन ओसरणाऱ्या प्रकारच्या रुग्णांसाठी आहे. अंतिम निर्णय अर्थातच आपला एमआरआय आणि रक्त तपासणी पाहिलेल्या न्यूरॉलॉजिस्टनीच करावा.

या दोन औषधांची थेट तुलना झालेली आहे, हे आपले भाग्य. 2022 मध्ये प्रसिद्ध झालेल्या स्वीडनमधील चाचणीत दोन वर्षांच्या काळात डायमिथाइल फ्युमरेट घेणाऱ्यांपैकी 16 टक्के रुग्णांना रिलॅप्स (नवा झटका) आला, तर रिटुक्सिमॅब घेणाऱ्यांपैकी 3 टक्क्यांना. रिटुक्सिमॅब मुळात लिम्फोमाचे (लसिका ग्रंथींच्या कर्करोगाचे) औषध असल्याने एमएससाठी त्याचा वापर अधिकृत मान्यतेबाहेरचा ठरतो. परंतु 2023 मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने एमएससाठी ते अत्यावश्यक औषधांच्या यादीत घेतले, आणि माझ्या मनातला संकोच त्यानंतर बराच कमी झाला.

तरीही माझा निर्णय झाला तो या आकड्यांमुळे नव्हे, तर कॅप्सूल घेतल्यावर येणाऱ्या लालीमुळे. कॅप्सूल पोटात गेल्यावर काही वेळाने चेहरा, कान आणि मान तापून लाल होते. बहुतेकांची ही तक्रार पहिल्या एक-दोन महिन्यांत ओसरते. माझी ओसरली नाही. दही किंवा शेंगदाण्याची चटणी घेऊन भरपेट न्याहारी केली, तर त्रास कमी होई. पण उपवासाच्या किंवा प्रवासाच्या दिवशी तो हमखास वाढे आणि सोबत पोटही बिघडे. केवळ एवढेच असते तर मी ते सोसले असते. मात्र मी नागपूरला राहतो, आणि माझ्या आजाराची सुरुवात उजव्या डोळ्याच्या नसेच्या दाहापासून झाली आहे. शरीराचे तापमान थोडे जरी वाढले, तरी आवरण झिजलेल्या नसेतून संदेश नीट जात नाहीत आणि जुनी लक्षणे तेवढ्यापुरती डोके वर काढतात. विल्हेल्म उथॉफ या जर्मन नेत्रतज्ज्ञाने 1890 मध्येच याचे वर्णन केले होते. लाली म्हणजे त्वचेतील रक्तवाहिन्या रुंदावणे, त्याचा नव्या झटक्याशी संबंध नाही, हे मला ठाऊक होते. पण मे महिन्यात चेहरा पेटलेला आणि उजव्या डोळ्यापुढे धुरकट झालेले असताना हे ऊन आहे, कॅप्सूल आहे की रिलॅप्स, हे कसे ओळखायचे? ताप किंवा संसर्ग नसताना नवे लक्षण चोवीस तासांहून अधिक टिकले, तर डॉक्टरांना कळवायचे, हा नियम योग्यच आहे. मात्र ते चोवीस तास वारंवार धास्तीत काढावे लागणे मला या औषधाचा सर्वांत मोठा दोष वाटला.

इन्फ्युजनचा त्रास एका दिवसापुरता असतो. आधी पॅरासिटामॉल, ॲलर्जीविरोधी औषध आणि स्टेरॉइड देतात; मग सलाईनचा वेग हळूहळू वाढवतात. पहिल्या वेळी मला थंडी वाजली आणि घसा खाजला, तेव्हा परिचारिकेने वेग कमी केला आणि तासाभरात सगळे निवळले. त्यानंतरच्या महिन्यांत औषधाची आठवणही ठेवावी लागत नाही. सकाळी उठून शाळेत शिकवायला जाताना आपण रुग्ण आहोत हे विसरता येणे माझ्यासाठी फार मोलाचे आहे.

तथापि रिटुक्सिमॅब बी पेशी (प्रतिकारशक्तीच्या एका प्रकारच्या पांढऱ्या पेशी) जवळजवळ संपवते, त्यामुळे संसर्गाचा धोका वाढतो आणि लसींचा परिणाम कमी होतो. सुरू करण्यापूर्वी हेपॅटायटिस बी आणि क्षयरोगाची तपासणी टाळू नये; आवश्यक लसी शक्यतो काही आठवडे आधी घ्याव्यात; पुढे इम्युनोग्लोब्युलिनची (रक्तातील प्रतिपिंडांची) पातळी पाहत राहावे. कॅप्सूलवरही रक्त तपासणी सुटत नाही, कारण लिम्फोसाइट (पांढऱ्या रक्तपेशींचा एक प्रकार) दीर्घकाळ फार कमी राहिल्यास मेंदूच्या पीएमएल या दुर्मीळ पण गंभीर संसर्गाची शक्यता असते.

खर्चाबाबत थोडक्यात सांगतो. भारतात 2007 पासून रिटुक्सिमॅबचे देशी बायोसिमिलर (मूळ जैविक औषधाशी जुळणारी आवृत्ती) मिळत असल्याने ते पूर्वीइतके आवाक्याबाहेर राहिलेले नाही. आरोग्य विम्यात घरी घ्यायच्या गोळ्यांपेक्षा इन्फ्युजनचा दावा मंजूर होण्याची शक्यता मला अधिक वाटते. मात्र मान्यतेबाहेरच्या वापराचा मुद्दा निघू शकतो, म्हणून पूर्वपरवानगी लेखी घ्यावी.

ज्यांना वारंवार छातीचा किंवा लघवीचा संसर्ग होतो, ज्यांच्या गावापासून इन्फ्युजनची सोय दूर आहे, किंवा ज्यांचा आजार सौम्य आहे आणि जेवणाच्या वेळा ठरलेल्या आहेत, त्यांनी कॅप्सूलचा विचार आधी करावा असे मला वाटते. ज्यांची लक्षणे माझ्यासारखी उन्हाने बळावतात, त्यांनी मात्र पुढच्या भेटीत इन्फ्युजनबद्दल स्वतःहून विचारावे, आणि शक्य असल्यास उन्हाळा लागण्यापूर्वी.