एसडीए आणि जीएसएस: ‘नवी पिढी नेत्यांवर विश्वास ठेवत नाही’ हे तपासून पाहण्याची फुकट सोय

‘तरुणांना सगळे नेते एकाच माळेचे मणी वाटतात, जुन्या पिढीचा मात्र अजून विश्वास आहे.’ अमेरिकेच्या राजकारणाची चर्चा निघाली की हे वाक्य हमखास येतं. ते खरं आहे का, हे घरबसल्या तपासता येतं, तेही पैसे न देता आणि कुठलंही सॉफ्टवेअर न टाकता. त्यासाठी दोन गोष्टी लागतात. एक म्हणजे शिकागो विद्यापीठातल्या एनओआरसी या संस्थेचा जनरल सोशल सर्व्हे, म्हणजे जीएसएस: अमेरिकेतल्या लोकांची मतं विचारणारं सर्वेक्षण. दुसरी म्हणजे बर्कलीच्या कॅलिफोर्निया विद्यापीठात तयार झालेली एसडीए ही ऑनलाइन कोष्टकं काढून देणारी सेवा. या कामासाठी इतकं थेट साधन दुसरं नाही, असं आमचं स्पष्ट मत आहे. पण बेसावधपणे वापरलं तर तेच साधन चुकीचं उत्तर ठामपणे हातात ठेवतं. म्हणून हे सविस्तर परीक्षण.

जीएसएस १९७२पासून सुरू आहे. आधी बहुतेक दर वर्षी, १९९४पासून वर्षाआड. आपल्या कामाचा प्रश्न १९७३पासूनचा आहे. देशातल्या काही संस्थांची नावं वाचून दाखवतात आणि त्या संस्था चालवणाऱ्या माणसांवर किती विश्वास आहे ते विचारतात: पुष्कळ, थोडाफार, की जवळजवळ नाहीच. रोख संस्थेवर नसून ती चालवणाऱ्यांवर आहे, म्हणून नेत्यांबद्दलचा आशावाद मोजायला हा प्रश्न चपखल बसतो. केंद्रीय कार्यकारी शाखेसाठी, म्हणजे राष्ट्राध्यक्ष आणि त्यांच्या प्रशासनासाठी, व्हेरिएबलचं, म्हणजे संचातल्या त्या प्रश्नाचं, नाव कॉनफेड (सी-ओ-एन-एफ-ई-डी). काँग्रेससाठी, म्हणजे अमेरिकी संसदेसाठी, कॉनलेजिस. नावं इथं देवनागरीत आहेत; तिथं ती आणि आकडे रोमनमध्येच टाइप करायचे.

एसडीएच्या पानावर जीएसएसचा एकत्रित संच उघडा. रोच्या (आडव्या ओळींच्या) चौकटीत कॉनफेड टाका, कॉलममध्ये (उभ्या रकान्यांत) इयर, म्हणजे वर्ष, आणि कंट्रोलमध्ये वयोगट; कंट्रोलच्या प्रत्येक गटाचं वेगळं कोष्टक निघतं. वय सुटं टाकलं तर सत्तरहून जास्त कोष्टकं येतील, म्हणून तिथल्या तिथे गट पाडा: एज(आर: १८-२९; ३०-४४; ४५-६४; ६५-*). शेवटचा तारा म्हणजे ‘तिथून पुढे सगळे’. वेटच्या, म्हणजे नमुना लोकसंख्येशी जुळवण्यासाठी उत्तरांना द्यायच्या भाराच्या, यादीतून डब्ल्यूटीएसएसपीएस निवडा. वेट सोडून दिलं तर १९८२ आणि १९८७चे आकडे बिघडतात, कारण त्या दोन वर्षी कृष्णवर्णीयांचा नमुना मुद्दाम मोठा घेतला होता. टक्केवारी कॉलमप्रमाणे ठेवा. रो आणि कॉलमची अदलाबदल करून टक्केवारी तशीच ठेवणं ही सर्वांत नेहमीची चूक. तेव्हा ‘या वर्षी किती जणांचा विश्वास होता’ याऐवजी ‘विश्वास असणाऱ्यांपैकी किती जण या वर्षीचे’ असलं निरुपयोगी उत्तर मिळतं. आलेखाचा प्रकार लाइन करा, विश्वासमर्यादा (नमुन्यामुळे आकडा किती इकडेतिकडे असू शकतो ते) दाखवण्याच्या खुणेवर टिचकी मारा आणि कोष्टक चालवा.

आता निकालाकडे पाहा. १९७३ आणि १९७४ या दोन फेऱ्यांत ‘पुष्कळ विश्वास’ म्हणणारे जवळपास निम्म्यावर आले. मधल्या काळात वॉटरगेट प्रकरण (विरोधी पक्षाच्या कार्यालयातली घुसखोरी आणि राष्ट्राध्यक्ष निक्सन यांच्याकडून ती दडपण्याचा प्रयत्न) चिघळलं, आणि दुसरी फेरी झाली तेव्हा निक्सन यांचा राजीनामाही अजून यायचा होता. १९९१मध्ये आखाती युद्धानंतर आलेख चढतो, २००२मध्ये ११ सप्टेंबरनंतर पुन्हा चढतो, २००८मध्ये तळाला जातो. महत्त्वाचं हे की वयोगटांच्या रेषा साधारण एकत्रच चढतात आणि एकत्रच उतरतात. त्यांच्यामधलं अंतर या चढउतारांपुढे लहान आहे. म्हणजे निराशेचं मुख्य कारण वयात शोधण्याआधी त्या त्या वर्षी काय चाललं होतं ते पाहायला हवं.

याच्या पुढची पायरी बहुतेक जण गाळतात, आणि खरी मेख तिथेच आहे. कंट्रोलमध्ये वयाऐवजी पक्ष टाका: पार्टीआयडी(आर: ०-२; ३; ४-६). पहिला गट डेमोक्रॅट आणि तिकडे झुकणारे, मधला अपक्ष, शेवटचा रिपब्लिकन. २००४ आणि २०१२ शेजारी ठेवून बघा. बुश यांच्या काळात रिपब्लिकन वर, ओबामा यांच्या काळात डेमोक्रॅट वर. आपल्या पक्षाचा माणूस व्हाइट हाउसमध्ये असला की विश्वास वाढतो. तरुण आणि वयस्क यांचा पक्षांकडचा कल सारखा नसल्यामुळे हा फरक पिढीचा फरक म्हणून खपून जातो. वयाची तुलना पक्षाच्या आत केल्याशिवाय कुठलाही निष्कर्ष काढू नका.

मात्र इथे नमुना तोकडा पडतो. १९८८पासून विश्वासाचे प्रश्न साधारण दोन-तृतीयांश लोकांनाच विचारले जातात. २०१८च्या फेरीत एकूण २,३४८ जण होते; त्यातले दोन-तृतीयांश, त्यातले तिशीच्या आतले, आणि त्यांची पुन्हा तीन पक्षगटांत वाटणी, म्हणजे कोष्टकाच्या एकेका घरात शंभराच्या आतबाहेर माणसं उरतात. तिथे आठ-दहा टक्क्यांचा फरक निव्वळ योगायोगानंही दिसू शकतो. उपाय म्हणजे वर्षं एकत्र करणं, पण एकाच राष्ट्राध्यक्षाच्या कारकिर्दीतली. सोयीसाठी अख्खं दशक एकत्र केलं तर दोन विरोधी पक्षांचे अध्यक्ष एका डब्यात जातात आणि फरक पुसला जातो.

‘पिढी’ हवी असेल तर एजऐवजी कोहोर्ट, म्हणजे जन्मवर्ष, वापरा. प्यू रिसर्च या अमेरिकी संशोधन संस्थेच्या रूढ सीमा अशा: बूमर १९४६-१९६४, जनरेशन एक्स १९६५-१९८०, मिलेनियल १९८१-१९९६, पुढे झी. पण वय म्हणजे सर्वेक्षणाचं वर्ष वजा जन्मवर्ष. तिन्हींपैकी दोन ठरली की तिसरं आपोआप ठरतं. त्यामुळे वय, काळ आणि पिढी यांचा परिणाम एकाच वेळी पूर्ण वेगळा काढणं गणितानं शक्य नाही. रिग्रेशनमध्ये, म्हणजे अनेक घटकांचा परिणाम एकत्र मोजणाऱ्या संख्याशास्त्रीय पद्धतीत, तिन्ही घातली तरी हा पेच सुटत नाही. व्यवहारात करता येतं ते एवढंच: दोन पिढ्या एकाच वयात असतानाची कोष्टकं शेजारी ठेवायची. १९७०च्या दशकातले विशीतले बूमर आणि २०१०च्या दशकातले विशीतले मिलेनियल, अशी.

या तुलनेलाही एक बोचणारी मर्यादा आहे. १९४६ ते १९५४मध्ये जन्मलेले बूमर कॉनफेड सुरू होण्याआधीच अठरा वर्षांचे झाले होते. केनेडी यांच्या काळातला आशावाद या संचात नाहीच. त्यासाठी अमेरिकन नॅशनल इलेक्शन स्टडीज या मतदारांच्या सर्वेक्षणाकडे जावं लागतं. तिथे वॉशिंग्टनमधल्या सरकारवर योग्य ते करण्याबाबत किती वेळा विश्वास ठेवता येतो, हा प्रश्न १९५८पासून आहे. तेव्हा जवळपास तीन-चतुर्थांश लोक ‘नेहमी’ किंवा ‘बहुतेक वेळा’ म्हणत होते. प्रश्न वेगळा असल्यानं ते आकडे कॉनफेडच्या आलेखाला जोडू नयेत.

जीएसएसमध्येच अनोमिया७ नावाचा प्रश्नही पाहण्यासारखा आहे: बहुतेक सार्वजनिक अधिकाऱ्यांना सामान्य माणसाच्या अडचणींशी देणंघेणं नसतं, हे पटतं का? निराशा मोजणारा इतका सरळ प्रश्न क्वचितच सापडतो. पण तो १९७०च्या दशकापासून १९९४पर्यंतच्या फेऱ्यांत आहे, त्यामुळे मिलेनियलबद्दल त्यातून काही सांगता येत नाही. उलट ट्रस्ट हा प्रश्न, बहुतेक माणसांवर विश्वास ठेवता येतो का हा, पिढ्यांमधला खरा फरक दाखवतो: नंतर जन्मलेले गट एकमेकांवर कमी विश्वास ठेवतात. नेत्यांवरचा आणि शेजाऱ्यावरचा विश्वास वेगळ्या चालीनं बदलतो, हे ही दोन कोष्टकं शेजारी ठेवली की लगेच कळतं.

२०२१ची फेरी जपून वापरा. कोविडमुळे प्रत्यक्ष मुलाखतींऐवजी ती मुख्यतः वेबवर झाली. समोर बसलेल्या माणसाला दिलेलं उत्तर आणि पडद्यावर दिलेलं उत्तर सारखं नसतं, त्यामुळे २०१८ ते २०२१मधला बदल सगळाच मतबदल मानता येत नाही. भाषेची अडचणही आहे. मुलाखत इंग्रजीत होते, २००६पासून स्पॅनिशमध्येही. न्यू जर्सीत मुलाकडे राहणारी, फक्त मराठी बोलणारी आजी या आकड्यांत नाही, आणि स्थलांतरित कुटुंबांतल्या पिढ्यांची तुलना इथून करताना तिची उणीव भासते.

सेवा म्हणून एसडीए झटपट आहे. दिसायला मात्र जुनाट, आणि मोबाइलवर रुंद कोष्टक वाचणं त्रासाचं. कोष्टकाच्या घरांना लाल-निळा रंग येतो: अपेक्षेपेक्षा जास्त ते लाल, कमी ते निळे. अनेक वर्षं एकत्र केली की संख्या फुगते आणि क्षुल्लक फरकही गडद दिसतो, तेव्हा रंगापेक्षा टक्के आणि विश्वासमर्यादा वाचा. एनओआरसीचं स्वतःचं डेटा एक्सप्लोरर देखणं आहे, प्रश्नाचे मूळ शब्द आणि तो कोणकोणत्या वर्षी विचारला ते शोधायला उत्तम. पण कोष्टक हवं तसं वाकवण्याची मोकळीक एसडीएत जास्त. आमच्याकडून एसडीएला पाचपैकी चार.

कोष्टक कुणाला पाठवायचं असेल तर वरची माहितीची चौकट कापू नका. व्हेरिएबल, गट, फिल्टर आणि वेट तिथेच लिहिलेलं असतं, आणि समोरच्याला तुमचा आकडा पडताळायचा असेल तर नेमकं तेच लागतं.