कूलंट: तयार घ्यावं की कॉन्सन्ट्रेट?

गाडीच्या टाकीतलं, इंजिन थंड ठेवणारं कूलंट मिनिममच्या खाली गेलं की दुकानात दोन डबे समोर येतात. एक थेट ओतायचं तयार मिश्रण, दुसरं पाणी घालून वापरायचं कॉन्सन्ट्रेट. पुण्याहून कोल्हापूर आणि पुढे आंबोली उतरून सावंतवाडी, या माझ्या नेहमीच्या वाटेवर मी दोन्ही वापरली आहेत. प्रकार गाडीच्या पुस्तिकेतलाच घ्यायचा, हिरवा-गुलाबी रंग पाहून ठरवायचा नाही, हे तुम्हाला ठाऊक आहे असं धरतो.

पैशाच्या हिशेबात कॉन्सन्ट्रेट बहुधा परवडतं आणि प्रमाणही आपल्या हाती राहतं. लडाखला जाणाऱ्याने निम्मं-निम्मं केलं की साधारण उणे ३५ अंशांपर्यंत गोठण्याची चिंता नाही. काही तयार मिश्रणांत ग्लायकॉल, म्हणजे पाणी गोठू न देणारा मुख्य घटक, ३० टक्क्यांच्या आसपासच असतं. आपल्या हवेत तेवढं पुरतं, तरी लेबल वाचून घेतलेलं बरं.

माझं घोडं अडलं ते पाण्यापाशी. कॉन्सन्ट्रेटला डिस्टिल्ड वॉटर, म्हणजे क्षार काढलेलं पाणी लागतं. शहरात ते मिळतं. घाटाखालच्या गावात रविवारी दुपारी शोधून पाहा. पंक्चरवाल्याकडे ‘बॅटरीचं पाणी’ म्हणून कॅन असतो, पण आत खरंच डिस्टिल्ड आहे की नुसतं फिल्टरचं, हे कळायला मार्ग नसतो. हॉटेलवाला आपुलकीने बोअरची बादली पुढे करतो. त्या जड पाण्यातले कॅल्शियम-मॅग्नेशियमचे क्षार गरम धातूवर थर धरतात, गिझरच्या कॉइलवर धरतात तसेच. रेडिएटरच्या नळ्या तर किती बारीक! कूलंट फॉस्फेटवालं असेल तर साका आणखी लवकर बसतो. पिण्याच्या सीलबंद बाटलीतही थोडेफार क्षार असतातच. बरं, दोन-तीनदा असं वरून भरलं की टाकीत नक्की किती टक्के ग्लायकॉल उरलंय, हे रिफ्रॅक्टोमीटरशिवाय, म्हणजे थेंबावरून प्रमाण मोजणाऱ्या उपकरणाशिवाय, सांगता येत नाही. या कटकटीनेच माझं मत बदललं. आता डिकीत तयार मिश्रणाची एक लिटरची बाटली असते आणि घाटात पाण्याचा विचारच करावा लागत नाही. काहींना हे पैसे जास्तीचे वाटतील. मला वाटत नाहीत.

एका कामाला मात्र मी अजूनही कॉन्सन्ट्रेटच सुचवीन. संपूर्ण सिस्टीम पाण्याने धुतली की इंजिन ब्लॉक आणि हीटरमध्ये बरंच पाणी मागे राहतं. त्यावर तयार मिश्रण ओतलं तर ते आणखी पातळ होतं. निम्मं-निम्मं हवं असेल तर एकूण क्षमतेच्या निम्मं कॉन्सन्ट्रेट आधी भरायचं, उरलेली जागा डिस्टिल्ड पाण्याने. हे घरी किंवा गॅरेजमध्ये निवांत होतं.

वाटेत गाडी तापलीच आणि हाताशी साधं पाणीच असेल, तर तेच घाला. इंजिन जळण्यापेक्षा ते केव्हाही बरं. फक्त झाकण इंजिन पूर्ण निवल्यावरच उघडा, आणि घरी आल्यावर सगळं बदलून घ्या.

कुठलंही भरा, थंड इंजिनावर टाकीला मार्करने रेघ मारून ठेवा. पातळी वारंवार उतरत असेल तर होजचे जोड आणि वॉटर पंपाखालचा ओलावा बघा. केबिनमध्ये गोडसर वास आणि पायाखालचं कार्पेट ओलं म्हणजे हीटरची गळती. पातळी नीट असून गाडी फक्त ट्रॅफिकमध्ये तापत असेल, तर आधी रेडिएटरचा पंखा आणि तो चालू-बंद करणारा रिले तपासा. बाहेर कुठेच थेंब नाही, पण सायलेन्सरमधून सतत पांढरा गोडसर धूर येतोय किंवा ऑइल दुधाळ दिसतंय, तर हेड गॅस्केटचा, म्हणजे इंजिन ब्लॉक आणि हेडमधल्या सीलचा संशय घ्या. अशा वेळी कुठलाही डबा विकत घेऊ नका, गाडी टो करून गॅरेजला न्या.