बक्षीसपत्र की मृत्युपत्र? सीमाभागातल्या साठी ओलांडलेल्यांसाठी

हयातीतच बक्षीसपत्र करून जमीन मुलाच्या नावावर करावी की मृत्युपत्र लिहून ठेवावं, हा विषय खानापूर-निपाणीकडे घरोघरी निघतो. मुलं पुण्याला नाहीतर गोव्याला, उतारा आई-वडिलांच्या नावावर. मी मृत्युपत्र केलं. तुमच्या घरचं गणित वेगळं असू शकेल.

बक्षीसपत्राची सोय मोठी आहे. पुढची भाऊबंदकी बरीच टळते, आणि मुलगा शेती करत असेल तर सोसायटीचं पीककर्ज त्याच्या नावावर मिळतं. पण एकदा दिलं की मन बदललं म्हणून परत घेता येत नाही. आधार आहे तो २००७ च्या ज्येष्ठ नागरिक कायद्यातल्या कलम २३ चा: सांभाळाच्या अटीवर दिलेली मालमत्ता, सांभाळ झाला नाही तर प्रांताधिकाऱ्यांकडे अर्ज करून परत मिळवता येते. निपाणीकरांना त्यासाठी चिकोडी गाठावी लागते. मात्र अट सिद्ध व्हावी लागते, असं सर्वोच्च न्यायालयाने २०२२ मध्ये बजावलं. २०२५ च्या निकालात न्यायालयाने ज्येष्ठांच्या बाजूने उदार अर्थ लावला खरा, पण तिथेही सांभाळाचा उल्लेख कागदावर होताच.

माझं घोडं इथेच अडलं. आधी बक्षीसपत्रच करायचं म्हणून बाँड रायटरला (दस्त लिहून देणाऱ्याला) मी सांभाळाची अट मराठीत नीट सांगितली होती. त्याने मसुदा कन्नडमध्ये केला, भराभर वाचला आणि "सगळं आलंय काका" म्हणाला. घरी कन्नड शाळेत शिकलेल्या पुतण्याकडून वाचून घेतला. चतुःसीमा बरोबर, "प्रेमापोटी, स्वखुशीने" हेही होतं. जेवणखाण, औषधपाणी, राहतं घर यांचा उल्लेखच नव्हता. ज्या ओळीवर माझं आणि बायकोचं म्हातारपण उभं राहायचं, तीच मला वाचता येऊ नये, हे मनाला पटेना.

मृत्युपत्र मी मराठीत, स्वतःच्या हाताने लिहिलं. त्याला स्टॅम्प लागत नाही, नोंदणीची सक्ती नाही. दोन साक्षीदारांच्या सह्या हव्यातच, आणि ते वाटेकरी नसलेले बरे. जिवंत आहोत तोवर कितीदाही बदलता येतं. वडिलोपार्जित जमिनीत मात्र आपल्या हिश्शापुरतंच चालतं. माझ्यामागे मुलांना कन्नड भाषांतर, नोंदीसाठी हेलपाटे हा ताप होईल, पण त्यांचे पाय तरणे आहेत.

कर्जासाठी अगदीच गरज असेल तर एखादाच सर्व्हे नंबर द्यावा, राहतं घर शक्यतो नको. आणि सही करण्याआधी मसुदा कन्नड येणाऱ्या आपल्या माणसाकडून ओळ न् ओळ वाचून घ्यावा.