कंट्रोल लाइन मॉडेल विमानासाठी 'न वापरलेलं' ३५ चं इंजिन घेतलं, १२,२१९ रुपये गेले

बाकी कुणी फसलं असतं तर मीच हसलो असतो, म्हणून लिहायला तीन आठवडे लागले. घरात अजून पूर्ण आकडा सांगितलेला नाही, हिला ९,८०० माहीत आहेत, तेवढ्यावरच जे ऐकलं ते पुरे आहे.

मी इंदूरचा, सुदामा नगरला राहतो. कॉलेजात एनसीसीच्या एअर विंगमध्ये कंट्रोल लाइन, म्हणजे हातातल्या तारांवर गोल गोल फिरणारी मॉडेल विमानं उडवायचो, तेव्हा हातात कलकत्त्याची ऑरोरा इंजिनं असायची, बोटं फुटेस्तोवर प्रॉप (पंखा) मारून ती सुरू करायची. रिटायर झाल्यावर परत नाद लागला, ५० इंची प्रोफाइल स्टंट मॉडेल बांधलं, बेलक्रँक (तारांची ओढ शेपटीपर्यंत नेणारा आडवा दांडा), टाकी सगळं बसवून तयार, फक्त इंजिन नाही. पुतण्या म्हणाला काका इलेक्ट्रिक लावा, कटकट नाही. बरोबर आहे त्याचं, पण मला इंधनातल्या एरंडेलाचा, कॅस्टरचा वास पाहिजे होता, आता काय करणार.

या साइजला ३५ चं इंजिन, म्हणजे ०.३५ घन इंच, सुमारे ५.७ सीसी. जुन्या स्टंट इंजिनांची गंमत जाणकारांना माहीत आहे, थ्रॉटल नसतो, हवेसाठी साधी नळी (व्हेंच्युरी) आणि इंधन कमीजास्त करायला नीडल, सरळ उडताना फोर स्ट्रोकसारखं गुरगुरतं आणि नाक वर केलं की टू स्ट्रोकवर येऊन जोर धरतं. आरसी (रेडिओ कंट्रोल) विमानाचं कार्ब्युरेटरवालं स्वस्तात मिळतं पण मग कार्ब काढून व्हेंच्युरी बसवा, त्याचा घाट वेगळा. म्हणून मी फॉक्स ३५ नाहीतर ओ.एस. मॅक्स ३५ एस शोधत होतो. असं इंजिन इथं दुकानात कुठं मिळणार? मग सेकंडहँड, मग ऑनलाइन जाहिरात. हौशी माणसाला दुसरा रस्ताच नाही, हे आधी समजून घ्या आणि मग मला नावं ठेवा.

जाहिरातीत ओ.एस. ३५ एस, न वापरलेलं, डब्यासकट, ११,५००. माणूस फोनवर इतकं गोड बोलला की विचारू नका, "दादा, वडिलांची आठवण आहे, चांगल्या हातात जावं एवढंच." ९,८०० ला ठरलं. आणि मी शहाणा, पैसे टाकायच्या आधी इंजिन चालतानाचा व्हिडिओ मागितला. तेवढी अक्कल होती.

आता ऐका. व्हिडिओ समोरून काढलेला. बाकावर इंजिन, माणूस प्रॉपला झटका देतो, धूर, आवाज, एकदम कडक. पण झटका उलटा होता. इंजिनाकडे समोरून बघितलं तर प्रॉप घड्याळाच्या काट्याच्या उलट फिरायला पाहिजे, इथे काट्यांच्या दिशेने फिरत होता. मफलर पण भलत्याच बाजूला. आणि क्रँककेसवरच्या अक्षरांवर एक हसरा इमोजी चिकटवलेला! मी हे बघितलं होतं, सांगतो ना, बघितलं होतं. दोन वेळा मागे नेऊन बघितलं. आणि स्वतःलाच समजावलं की माणूस डावरा असेल. अरे डावरा असला तरी इंजिन कशाला उलटं फिरेल? कॉक्स ०४९ सारखं छोटं, रीड वाल्व्हवालं (पातळ पट्टीच्या झडपेचं) इंजिन उलटं चालतं, ते शाळकरी पोरालाही माहीत, पण पुढून हवा घेणारं ३५ तसं धड चालणारच नाही. कुणाचा तरी व्हिडिओ ढापून आरशासारखा पलटवला होता, अक्षरं उलटी दिसली असती म्हणून इमोजी. चाळीस वर्षांपूर्वीपासून प्रॉप ओळखणाऱ्या माणसाला हे दिसून दिसलं नाही. आणि न वापरलेलं इंजिन व्हिडिओत धूर सोडत कसं होतं, हेही डोक्यात आलं नाही. रात्री अजून झोप उडते.

शुक्रवारी २,००० टोकन. शनिवारी ७,८०० बाकीचे, आणि कुरियरचे ४२०. सोमवारी फोन, की आत इंधनाचा अंश आहे, धोकादायक माल म्हणून १,९९९ डिपॉझिट भरावं लागेल, परत मिळणारं. तुम्ही म्हणाल इथे तरी थांबायचं. पण या इंजिनांचं इंधन मिथेनॉलचं, आणि ते कुरियरवाले घेत नाहीत हे खरंच आहे, त्यामुळे मला पटलं, खोट्याला असा थोडा खऱ्याचा टेकू दिला की आपल्यासारखा माहितगारच आधी पडतो. दिले.

सहा दिवसांनी पार्सल आलं. रिकाम्या डब्याच्या भीतीत होतो म्हणून इंजिन बघून आनंदच झाला, प्रॉप लावून फिरवला तर कॉम्प्रेशन (आतला दाब) झकास. थिनरने धुतलं आणि प्रॉप भिंगरीसारखा फिरला. आत घट्ट गिअर ऑइल भरलेलं, दाब त्याचाच होता! लायनर (सिलिंडरचं आतलं अस्तर) पार झिजलेला, अक्षरं कानशीने घासून काढलेली, एक माउंटिंग लग (इंजिन बसवायचा कान) तुटलेला, एपॉक्सीने चिकटवून वर सिल्व्हर पेंट. जुनं इंजिन हातात घेतलंत तर आधी धुवा, मग कॉम्प्रेशन बघा. पिस्टन खाली आणून प्रॉप हलकासा मागेपुढे हलवा, कॉनरॉडचा (पिस्टनच्या दांड्याचा) खुळखुळा कळतो. हेडचे स्क्रू चावलेले असले तर कुणीतरी उघडलंय.

त्याचा नंबर बंद. मग पोलीस ठाणं. पहिल्या दिवशी साहेब नव्हते. दुसऱ्या दिवशी होते, म्हणाले, "अंकल, सामान तो आया ना? फिर ये सिविल मैटर है." मी म्हटलं हे ते सामान नाही. म्हणे, "इंजिन मंगाया, इंजिन आया." पुढे मॉडेल टेबलावर ठेवलं तर शिपायाने विचारलं, खिलौने के बारा हजार? सगळे हसले. त्या खोलीत माझ्या वयाचा मी एकटाच उभा होतो, खुर्चीही दिली नाही कुणी. बँकेत गेलो तर काउंटरवरची मुलगी म्हणाली पिन तुम्हीच टाकलात ना, मग आम्ही काय करणार, अर्ज द्या. अर्ज दिला. आठवड्याने म्हणाले ठाण्याची पावती जोडा. ठाणं म्हणतं आधी बँकेचं लेटर आणा. चार चकरा, ऑटोचे ६४०, ते वेगळेच. कुरियरवाल्यांनी पाठवणाऱ्याचा पत्ता मागितला तर प्रायव्हसी सांगितली. चोराची प्रायव्हसी!

पैसे गेल्या गेल्या त्याच तासात १९३० ला, सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन करा, मी पार्सलची वाट बघत सहा दिवस घालवले. व्हिडिओ मागाल तर कागदावर तुमचं नाव लिहून इंजिनाशेजारी ठेवायला सांगा, अक्षरं सुलटी दिसायला पाहिजेत. 'परत मिळणारं' हा शब्द आला की फोन ठेवा. एकदम पूर्ण रक्कम कुणालाच नाही, वडिलांची आठवण असो की आजोबांची.

मॉडेल कपाटावर आहे. एका जुन्या दोस्ताने २५ चं इंजिन उसनं देतो म्हटलंय, ५० इंचीला जरा कमी पडेल, पण सुपर कॉरिडॉरच्या बाजूला मोकळ्या जागेत एकदा तरी ६० फुटी लाइनवर फिरवून बघणार आहे.

परवा तीच जाहिरात परत दिसली. १०,५००. तोच व्हिडिओ, प्रॉप अजून उलटाच. लगेच ठाण्यात फोन लावला, साहेब जेवायला गेले होते.